गंजगोलाईत घरच्यांना घेऊन बाजाराला: काय घ्यावं, काय खावं, कसं फिरावं (लातूर)

मांजराकाठ

लातूरला पाहुणे आले की हमखास विचारतात, इथं बघायला काय आहे? खरोशाची लेणी, औशाचा किल्ला, उदगीरचा किल्ला ही नावं आपण सांगतोच, पण ती सगळी गावाबाहेरची. गावातलं विचाराल तर मी गंजगोलाई सांगते. तीही बघायला म्हणून नाही, बाजाराला म्हणून. हातात पिशव्या घेऊन, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पुढं घालून जायचं. नुसता फोटो काढायला गेलेला माणूस थोड्या वेळात परत फिरतो आणि गर्दीशिवाय काही नाही म्हणतो. खरेदीला गेलेल्याला तिथं अख्खा दिवस पुरत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना माहिती आहे त्यांनी भर घालावी.

आधी जागेबद्दल थोडं. मधोमध दुमजली गोल इमारत, तिच्या मध्यात जगदंबेचं देऊळ (बरेच जण अंबाबाई म्हणतात), आणि भोवतीनं सोळा रस्ते फुटलेले. आराखडा नगररचनाकार फय्याजुद्दीन यांचा, इमारत १९१७ची. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात होतो आणि लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं व्यापाराचं गाव होतं. आपला स्वतंत्र जिल्हा १९८२चा. गोलाईच्या काही वर्षं आधी, १९११च्या सुमारास, बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत आली होती. या दोन तारखा मला शेजारीशेजारी ठेवून बघाव्या वाटतात. माल बाहेर जायला वाट झाली आणि पाठोपाठ बाजाराला इतका विचार करून आकार दिला गेला.

सोळा रस्ते निव्वळ शोभेचे नाहीत. सराफ लाइन, कापड लाइन, भुसार लाइन अशी नावंच आहेत. चपला एकीकडं, मिरची-मसाले दुसरीकडं, भांडी तिसरीकडं. आता सरमिसळ झाली आहे, मोबाइलची कव्हरं सगळीकडं दिसतात, तरी जुनी घडी मोडलेली नाही. याचा फायदा घरच्यांना घेऊन गेल्यावर कळतो. नणंद साड्यांत रमते, सासूबाईंना सराफाकडं जायचं असतं, मुलांना भूक लागलेली असते. प्रत्येकानं आपली लाइन धरायची आणि ठरल्या वेळी देवळापाशी यायचं.

आम्ही परवा येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) बाजाराला गेलो होतो. नणंद पुण्याहून मुलांना घेऊन आली होती. तिच्या मुलांनी शेतातली कोपी (कडब्याची खोप) आणि पांडवांची पूजा पाहिली होती, पण त्यासाठी लागणारं सामान कसं गोळा होतं ते पाहिलं नव्हतं. म्हणून मुद्दाम नेलं.

सगळ्यात आधी अंबिलीचं (ताक-ज्वारीच्या पिठाच्या पेयाचं) मडकं. रस्त्याच्या कडेला मडकी मांडून बसलेल्या मावशींकडं सासूबाई खाली बसल्या आणि एकेक मडकं उचलून बोटाच्या पेरानं वाजवायला लागल्या. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर बाजूला. मग तोंड आभाळाकडं करून आत बघायचं, कुठं उजेड दिसतो का. मग काठावरनं बोट फिरवायचं, खपली निघते का ते बघायला. नणंदेच्या धाकट्यानंही वाजवायला घेतलं आणि त्या मावशींनी स्वतःहून त्याच्या हातात एक चिरलेलं मडकं दिलं, म्हणजे त्याला दोन्ही आवाज कळावेत. त्यानंतर तो दिसेल त्या मडक्याला वाजवत सुटला. हे शिकवायला कुणी वर्ग भरवत नाही, म्हणून मुलांना बाजारात न्यायचं.

नंतर भज्जीचं (येळवशीच्या मिसळ भाजीचं) सामान: तुरीच्या आणि वालाच्या ओल्या शेंगा, हिरवा वाटाणा, हरभरा, मेथी, हिरवी मिरची, चिंच. कोथिंबीर मात्र आपली 'कास्ती'. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण तिची जुडी पिशवीत असली की अख्ख्या रिक्षाला कळतं, वेगळा शिक्का लागत नाही.

मग सासूबाईंची पोत. दोरा विरला होता. सराफ लाइनीच्या आसपास पोत ओवून देणारे पटवेकरी बसतात, त्यांच्याकडं नक्की जा. आमच्या पोतीचे सोन्याचे मणी त्यांनी आधी कापडावर ओतून आमच्यासमोर मोजले आणि आकडा आमच्याच तोंडून वदवून घेतला. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवलं, दोन्ही हात मोकळे केले आणि काळे मणी, मध्ये सोन्याचा, पुन्हा काळे, असे भराभर ओवत गेले. गाठ मारली की ती मण्याच्या आत ओढून घेतात, मानेला टोचू नये म्हणून. काम संपल्यावर मणी पुन्हा मोजून दाखवले. मोठ्या दुकानात पोत ठेवून यावी लागते, आठवड्यानं आणायला जायचं. इथं समोर बसून काम होतं आणि आपलं सोनं नजरेआड होत नाही. असे हात आता थोडेच उरलेत. घरात तुटलेली पोत, बोरमाळ, एकदाणी डब्यात पडून असेल तर घेऊन जा.

खाण्याचं इतरांनी सांगावं, त्यात माझ्यापेक्षा जाणकार इथं आहेत. एकच सांगते, उपाशी पोटी कापड लाइनीत शिरू नका.

रेणापूर नाका

चांगला धागा. फिरण्याबद्दल माझं:

चारचाकी गोलाईपर्यंत नेण्याचा हट्ट करू नका. गाडी लांब लावून रिक्षानं या. बसनं आलात तर स्टँडवरून रिक्षाला फार वेळ लागत नाही. सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या गेलात तर सराफ आणि कापड निवांत बघता येतं, दुकानदारालाही बोलायला वेळ असतो. नवरात्रात मात्र हिशेब वेगळा. देवीच्या दर्शनाची गर्दी असते, तेव्हा खरेदी डोक्यात ठेवूच नका, दर्शन घ्या आणि या.

अजून एक. सोळाही रस्ते नव्या माणसाला सारखेच वाटतात. गोलाईला अर्धा फेरा मारला की आपण कुठून आलो ते कळत नाही. मुलं बरोबर असतील तर ज्या रस्त्यानं शिरलात तिथलं कोपऱ्यावरचं दुकान त्यांना दाखवून ठेवा. आमच्याकडं देवळाची पायरी ही ठरलेली जागा. हरवला की तिथं जाऊन उभं राहायचं.

भुसारवाला

आमची आजोबांपासून भुसार लाइनीत दुकानदारी. मोठा आडत व्यवहार केव्हाच मार्केट यार्डात गेला, तूर-सोयाबीनच्या भावाला सगळा देश लातूरकडं बघतो तो तिथला. पण घरचं सामान अजून इथं चांगलं मिळतं. बाहेरगावचे लोक तीन गोष्टी न्यायला येतात: चिंच, गूळ, तूरडाळ. तिन्हींबद्दल लिहितो.

चिंच. नवा माल शिमग्याच्या आगेमागे येतो. तेव्हा गावोगावी बाया चिंच फोडत बसलेल्या दिसतात. नवी चिंच तांबूस असते, दिवस जातील तशी काळी पडत जाते. काळी म्हणजे वाईट असं नाही, जुनी चिंच आमटीला खोल चव देते, पण नवी म्हणून जुनी कुणी देत असेल तर रंगावरून ओळखा. चिंचोका आणि रेषा काढलेली घ्या, भाव जास्त वाटला तरी वजनात परवडते. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला मानांकन मिळालंय. तीच आहे का हे दुकानात विचारा, लाजू नका. विचारणारं गिऱ्हाईक वाढलं तरच शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतील.

गूळ. पिवळाधमक, पांढरट गूळ बघून लोक भुलतात. रंग उजळ करायला रसायन वापरतात, म्हणून गडद तपकिरी ढेप घ्या. जिभेवर खारट लागला तर सोडून द्या. दिवाळीनंतर गुऱ्हाळं जोरात असतात, तेव्हा गूळ ताजा मिळतो. संक्रांतीच्या पोळीला मऊ लागतो आणि चहाला कडक, हे दुकानदाराला आधी सांगितलं तर तो बरोबर ढेप काढून देईल.

तूरडाळ. बोरसुरीची डाळ मागा. तीही निलंगा तालुक्यातली, तिलाही २०२४ मध्ये मानांकन मिळालं. तेल लावून चकचकीत केलेली डाळ तळहातावर चोळली की हात तुळतुळीत होतो. ती नको. जराशी पिठूळ दिसणारी डाळ दिसायला साधी, पण वरणाला तीच चांगली.

घासाघीस करावी का? भुसारात फार वाव नसतो, आमचा नफा वजनावर चालतो. पण पाच किलोचं दहा किलो केलंत तर बोला जरूर.

निलंगा ते पुणे

खाण्याचं मी लिहितो. गाव सोडून बरीच वर्षं झाली, पण लातूरला उतरलो की आधी सुशीला. पुण्यात सांगितलं तर लोकांना पोहे वाटतात. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, कांदा-मिरची-शेंगदाण्याच्या फोडणीत परतायचे, आणि डाळव्याचं कूट घालायचं. त्या कुटानं ते कोरडं नि मऊ राहतं. सकाळी नाश्त्याला खा, दुपारपर्यंत पोट गप्प बसतं.

दुसरं, गाड्यावरचा निलंगा राइस. मोठ्या कढईतून थेट ताटलीत, गरम, लसणाचा वास सुटलेला. तिखट असतो, लहान मुलांना आधी एक घास देऊन बघा.

धपाटे-दही मिळालं तर सोडू नका. शेंगाचटणी सुटी विकत घेऊन डब्यात भरून आणा. आणि सोलापूर-तुळजापूरकडून गाडीनं येत असाल तर उजनीला थांबून बासुंदी. उजनी औसा तालुक्यातली. (धरणाची उजनी वेगळी, ती सोलापूर जिल्ह्यात.) आटवलेलं दूध, वर जाड साय. आमच्या घरात परतीच्या प्रवासात बासुंदी घेतली नाही तर लातूरला गेलो होतो असं कुणी मानत नाही.

गुलमंडी गल्ली

छत्रपती संभाजीनगरहून लिहितेय. वाचून हेवा वाटला, आणि तुलना करावीशी वाटली.

आमची गुलमंडी अशी आखलेली नाही. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, पुढं मुघलांच्या काळात शहर वाढलं, आणि बाजार गल्लीगल्लीनं पसरत गेला. पैठण गेटातून टिळक पथानं आलं की गुलमंडी, तिथून सराफा, मछली खडक, रंगारगल्ली, कुंभारवाडा. नावंच सांगतात कुठं कुणाची वस्ती होती. गोलाईत सगळे रस्ते एकाच जागी येतात. आमच्याकडं एका बोळातून दुसऱ्यात निघतं आणि वाट विचारत फिरावं लागतं. मला दोन्ही प्रिय आहेत, पण म्हातारी माणसं बरोबर असतील तर गोलाई सोयीची, हे मान्य.

तुम्ही कधी इकडं आलात तर गुलमंडीत इमरती आणि कचोरी खा, आणि मांसाहार करत असाल तर संध्याकाळी शहागंजच्या बाजूला नान-खलिया. हिमरू शाल घ्यायची असेल तर ती उलटी करून बघा. हातमागाच्या हिमरूत सुती ताण्यावर रेशमाची नक्षी असते आणि मागच्या बाजूला जादा बाण्याचे सैल धागे लोंबताना दिसतात. मागची बाजू पुढच्यासारखीच गुळगुळीत असेल तर यंत्रावरचं कापड समजा.

तेरणेकडचा

बस्त्याबद्दल (लग्नाच्या कापडखरेदीबद्दल) कुणीच लिहिलं नाही!

आमच्या धाराशिव जिल्ह्यातनंही लोक लातूरला बस्ता बांधायला जायलेत. दोन्हीकडची माणसं, मामा, आत्या, गावातले दोन जाणते, अशी जीपभर मंडळी. दुकानात चपला काढून गादीवर बसायचं. आधी नवरीचा शालू, मग मानपानाच्या साड्या, मग इरकल लुगडी म्हाताऱ्यांसाठी, शेवटी टॉवेल-टोपी. शालूवर सगळ्यांची नजर असते आणि वेळही तिथंच जातो. माझा सल्ला उलटा आहे. मानपानाच्या साड्या आधी उरका. नग जास्त असतात, पैसे तिथंच वाढतात, आणि त्या निवडायच्या वेळेला माणसं थकलेली असतात. मग दिसेल ते घेतलं जातं आणि लग्नात रुसवेफुगवे होतात. कुणाला काय द्यायचं त्याची यादी घरूनच नावासकट लिहून न्या. ती यादी आत्याबाईच्या हातात द्या, तिच्या लक्षात सगळं असतं.

पोरीला बोलू द्या, हेही सांगतो. आमच्याकडं अजून शालूचा रंग चुलते ठरवायलेत. नेसायचा तिला आहे.

सोळावा रस्ता

सगळं खरं, पण एक अप्रिय गोष्ट. गोलाईत आता चालता येत नाही. हातगाडे, खाली बसलेले विक्रेते, त्यांच्यामधून दुचाक्या. माझं स्पष्ट मत आहे की गोलाईच्या फेऱ्यातले सगळे हातगाडे उठवून दुसरीकडं जागा द्यावी. शंभर वर्षं जुनी इमारत आहे आणि ती समोरून दिसत नाही. बाहेरचा माणूस येऊन बघणार काय?

मांजराकाठ

@सोळावा रस्ता, तुमची तळमळ पोचली, पण हातगाड्यांबद्दल मी सहमत नाही. मडकंवाल्या मावशी, मेथीची जुडी घेऊन बसणारी बाई, फुलं-हार विकणारे, यांना उठवलं तर येळवशीचा बाजार कुठं करायचा? दुकानात मडकं कुणी वाजवून देत नाही. चालायला अडचण होते ती दुचाक्यांमुळं. भाजी घेणारा माणूस गाडीवरून उतरतसुद्धा नाही, गाडी चालू ठेवून भाव करतो. संध्याकाळच्या वेळी तरी आतल्या फेऱ्यात गाड्या येऊ नयेत, एवढी एक गोष्ट झाली तर बसणाऱ्यांना एका रेषेत जागा आखून देता येईल आणि इमारतही दिसेल.

भुसारवाला

दुकानदार म्हणून बोलतो. गाड्या बंद म्हटलं की आमच्यातले निम्मे विरोध करतील, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. मला ते पटत नाही. पायी आलेलं गिऱ्हाईक चार दुकानं बघतं, गाडीवरचं एकाच दुकानासमोर थांबून पळतं. मालाच्या टेम्पोसाठी सकाळची वेळ ठरवून द्या, बाकी दिवसभर फेरा मोकळा. फक्त म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या रिक्षाला सूट हवी.

सोळावा रस्ता

टेम्पोची वेळ आणि एका रेषेत जागा, हे दोन्ही होणार असेल तर माझा आग्रह सोडतो. इमारतीला टेकून मात्र कुणी पाल बांधू नये, आणि भिंतीत खिळे ठोकू नयेत. यावर तरी एकमत असावं.

मांजराकाठ

शंभर टक्के.

दोन लेकरांची आई

खूप उपयोगी धागा. पुढच्या आठवड्यात जाणार आहोत. बरोबर सासरे आहेत, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि धाकटी तीन वर्षांची. दोन प्रश्न. बसायला जागा मिळते का? आणि बाथरूमचं काय करायचं? बायकांचे निम्मे बेत याच एका गोष्टीवरून रद्द होतात, पण कुठल्याही माहितीत ते लिहिलेलं नसतं.

रेणापूर नाका

सासऱ्यांसाठी: कापड दुकान सगळ्यात चांगलं. बसायला गादी असते, खुर्ची मागितली तर देतात, पाणी-चहा विचारतात. त्यांना तिथं बसवून बाकीच्यांनी आसपासच्या दोन लाइनी करून यावं. पायऱ्या असलेली वरच्या मजल्यावरची दुकानं टाळा.

मांजराकाठ

बाथरूमचं विचारलंत हे फार बरं केलंत. बाजाराच्या मधोमध बायकांना सोयीची, स्वच्छ जागा शोधणं अवघड जातं, त्यामुळं आम्ही नाश्ता आणि जेवण अशाच हॉटेलात घेतो जिथं ती सोय नीट आहे, आणि खरेदीचे दोन भाग करतो. ऑर्डर देण्याआधी सरळ विचारायचं. आमच्या सासूबाई विचारतात, कुणी नाही म्हणालं तर उठून दुसरीकडं जातात. लहान मुलीसाठी जादा कपडे आणि पाणी जवळ ठेवा. आणि गाड्या कमी करण्याच्या मागणीबरोबर ही मागणीही तितक्याच जोरानं व्हायला हवी, रोज बाजारात बसणाऱ्या बायकांना तर दिवस काढायचा असतो.

दोन लेकरांची आई

धन्यवाद. अजून एक, मडकं घेतलं तर लगेच अंबील करता येते का?

मांजराकाठ

लगेच नको. आधी घासणी न लावता नुसत्या पाण्यानं धुवा, मग काठोकाठ भरून दिवसरात्र ठेवा. पाणी पिऊन घेतं, कुठं झिरपत असेल तर तेही कळतं. दुसऱ्या दिवशी ते पाणी टाकून सावलीत वाळवा. अंबिलीसाठी ताक आंबट हवं आणि ज्वारीचं पीठ आदल्या रात्री कालवायचं. शिजवून गार झाल्यावरच मडक्यात ओता, गरम ओतलं तर नवं मडकं चिरतं. लसूण-जिरं वाटून घाला, कोथिंबीर वरून. झाकणाऐवजी ओलं फडकं बांधलं तर दुपारपर्यंत शेतात गार राहते.

तेरणेकडचा

त्यात थोडं भिजवलेल्या शेंगदाण्याचं दाट वाटण घालून बघा. आमच्याकडं तशी करायलेत.